खंडेनवमीला स्टार्ट न होणारी स्पोर्ट्स कार: कुठलं काम आधी, कुठलं नंतर, कुठलं नकोच

पाऊस संपून दसरा जवळ आला की एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. बेळगाव, निपाणी, गोकाक, चिकोडी, अधूनमधून कोल्हापूर. गाडी इंपोर्टेड, वय दहा-पंधरा वर्षं, मीटरवर नऊ हजार नायतर बारा हजार, जूनमध्ये कव्हर घालून ठेवलेली आणि आता खंडेनवमीला धुवून हार घालायला बाहेर काढायची म्हटल्यावर कायतरी अडलेलं. प्रश्न पण ठरलेला, "आण्णा, गाडी फिरलीच नाही की, मग बिघडली कशी?" नायतर उलटं, कुणीतरी दोन पानांचं एस्टिमेट हातात दिलंय, त्यातलं खरंच काय करायला पायजे ते सांगा.

दोन्हीचं उत्तर एकच आहे. असल्या गाडीला किलोमीटर मोजायचे नसतात, महिने मोजायचे असतात. टायर, होसपाइप, बेल्ट, ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरी, पेट्रोल हे सगळं उभ्या जागी म्हातारं होतं. न फिरलेल्या गिअरला, पिस्टनला, सस्पेन्शनच्या लोखंडाला सहसा काही होत नाही (एक अपवाद आहे, तो खाली येतो). हे धरून एस्टिमेट वाचायला घेतलं की कुठल्या ओळीवर पेन मारायचा ते बऱ्यापैकी कळतं.

लक्षणं, साधारण कशी येतात

- चावी फिरवली की नुसती टकटक, किंवा काहीच नाही. किंवा स्टार्ट होते पण एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्स असे चार-पाच दिवे एकदम लागतात.
- पहिले काही किलोमीटर स्टिअरिंग आणि सीट थरथरते.
- ढकलायला गेलं तर एक चाक जाम, किंवा ब्रेकला खरखर.
- पेडल मऊ. सपाट रस्त्याला जाणवत नाही, चोर्ला घाटात उतरताना जाणवतं.
- सकाळी गॅरेजचं शटर उघडलं की पेट्रोलचा वास.
- चालताना ठीक, गोगटे सर्कलच्या सिग्नलला थांबलं की टेंपरेचर वर आणि एसी कोमट.
- पॅडल शिफ्टवाल्या गाडीत रिव्हर्सला झटके, क्लच जळल्याचा वास.
- कार्पेट ओलं, आत कुबट वास.

ह्यातलं एक नसतं कधी, तीन-चार एकत्र येतात, म्हणून माणूस घाबरतो आणि सगळंच बदलायला लावतो. घाई नको. खालच्या क्रमानं जा, फुकटचं आधी.

फाईल काढा

मॅन्युअल आणि बिलांची फाईल घेऊन बसा. मॅन्युअलमध्ये प्रत्येक कामापुढं दोन आकडे असतात, इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते. आपली माणसं पहिला आकडा वाचतात आणि पान उलटतात. एका कागदावर प्रत्येक काम शेवटचं कधी झालं ती तारीख लिहा. बिल नाही तर काम झालंच नाही असं धरायचं, "मागच्या ओनरनं केलं म्हणत होता" ह्याला काही अर्थ नाही. आणि गाडीचं वय रजिस्ट्रेशनवरून धरू नका, इंपोर्ट गाडी कधीकधी बनून बरेच महिन्यांनी पासिंग झालेली असते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की त्याच्या लेबलवर बेल्ट बनल्याची तारीख सापडते बऱ्याच वेळा, त्यावरून अंदाज येतो.

बॅटरी, बाकी कशालाही हात लावायच्या आधी

साधा मल्टीमीटर घ्या, पाचशे-सातशे रुपयांचा चालतो. गाडी रात्रभर बंद असली पायजे. १२.६ च्या वर असेल तर चार्ज फुल, १२.४ म्हणजे पाऊणच्या आसपास, १२.२ म्हणजे निम्मी. १२.४ च्या खाली आठवडेच्या आठवडे पडून राहिली की प्लेटवर सल्फेट धरतं आणि मग कितीही चार्ज करा, ती पहिल्यासारखी होत नाही.

गाडी लॉक असली तरी अलार्म, इमोबिलायझर, घड्याळ थोडा करंट घेतातच. ४० मिलिअँपिअर धरा, म्हणजे दिवसाला जवळजवळ १ अँपिअर-तास. ७० ची बॅटरी महिना-सव्वा महिन्यात निम्मी. वरनं कुणीतरी बाहेरून जीपीएस ट्रॅकर बसवलेला असला तर अजून लवकर. म्हणजे पावसाळाभर उभी राहिली तर बॅटरी बसणारच, तो बिघाड नव्हे, हिशोब आहे.

बॅटरी आधी का बघायची? कारण व्होल्टेज पडलं की कंट्रोल युनिटं गोंधळतात आणि नको नको ते कोड टाकतात. "गिअरबॉक्स गेला" म्हणून आलेल्या फोनमधले कितीतरी बॅटरीतच मिटतात. म्हणून स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचायचं मशीन) लावायचा तो बॅटरी फुल चार्ज केल्यावर, कोड पुसून, एक चक्कर मारून मग. त्यानंतर जो कोड परत येतो तो खरा.

पोर्शे ९११ च्या ९९७ पिढीत एक गंमत आहे. बॅटरी पुढच्या डिकीत, आणि डिकीचं लॉक करंटवर उघडणारं. बॅटरी मेली की डिकी उघडत नाही आणि डिकी उघडल्याशिवाय बॅटरी मिळत नाही, मग कुणीतरी पट्टी घालून पत्रा वाकवतो. गरज नाही. ड्रायव्हरच्या बाजूला पायाजवळ फ्यूजबॉक्स आहे, त्यात एक लाल टर्मिनल बोटानं बाहेर ओढता येतं. बाहेरच्या बॅटरीची प्लस केबल त्याला, मायनस दाराच्या लॉकच्या लोखंडी हुकाला, आणि चावीच्या बटणानं डिकी उघडा. हे फक्त डिकी उघडायला, ह्या वायरवरनं गाडी स्टार्ट करायला जाऊ नका, वायर बारीक असते.

कायमचा उपाय म्हणजे बॅटरी मेंटेनर, जो लावून ठेवला तरी ओव्हरचार्ज करत नाही. आपल्याकडे पावसात लाईट जाते-येते, म्हणून लाईट आल्यावर आपोआप परत चालू होणारा घ्या. एजीएम बॅटरी (सीलबंद बॅटरीचा एक प्रकार, बॅटरीवरच लिहिलेलं असतं) असेल तर चार्जरवर तो मोड आहे का बघा.

आणि एक, दर रविवारी पाच मिनिटं गॅरेजमध्ये स्टार्ट करून बंद करणं थांबवा. आठवडाभर उभ्या-उभ्या गेलेला करंट पाच मिनिटात भरून निघत नाही, तेल गरम होत नाही, जळणातनं तयार झालेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये तसंच राहतं. चालवायची तर नीट चालवा, हायवेला हत्तरगी टोलपर्यंत जाऊन या, तेल पूर्ण गरम होऊन तसंच अर्धा तास राहिलं पायजे. तेवढा वेळ नसेल तर स्टार्टच करू नका.

टायर

नक्षी नवीकोरी दिसते म्हणून इथंच सगळे फसतात. टायरच्या बाजूला डीओटी असं लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१४ म्हणजे २०१४ चा बत्तिसावा आठवडा. पूर्ण आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला मोबाईल घालून फोटो काढा.

सहा वर्षं झाली की दरवर्षी नीट बघायचं, दहाच्या पुढं तर चर्चाच नको. नख रुतवून बघा, रबर लाकडागत लागलं, नक्षीच्या तळाला बारीक भेगा दिसल्या की काढून टाका. साडेचारशे-पाचशे हॉर्सपॉवर मागच्या चाकांवर, रबर कडक, आणि खानापूर रोडला अचानक सर आली तर पुढं काय होतं ते सांगायला नको. माझ्या यादीत हा खर्च इंजिनाच्या आधी येतो.

थरथर असेल तर टायरमध्ये हवा बरोबर भरून वीस-एक किलोमीटर चालवा. रबर गरम होऊन थरथर गेली तर उभं राहून बसलेला चपटेपणा होता, गेला. नाही गेली तर तो कायमचा बसला, किंवा रिम वाकलंय, दुकानात बॅलन्सिंग मशीनवर कळतं. मागची २९५, ३०५ ची साईज बेळगावात बहुतेक मागवूनच घ्यावी लागते, तर ऑर्डर देतानाच बनल्याची तारीख विचारा. दुकानात तीन वर्षं पडलेला "नवा" टायर कशाला घ्यायचा.

टॉर्च आणि पुठ्ठा

रात्री गाडीखाली मोठा पांढरा पुठ्ठा घाला, सकाळी डाग बघा. काळा-तपकिरी म्हणजे इंजिन तेल, गुलाबी किंवा हिरवट आणि गोडसर वासाचा म्हणजे कूलंट, चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर पातळ म्हणजे ब्रेक ऑइल. डाग कुठल्या जागी आहे त्याची खूण पुठ्ठ्यावर करा, मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो.

मग टॉर्च घेऊन उंदरांचा शोध. गॅरेज घराला लागून असेल, शेजारी भाताची पोती असतील तर शंभर टक्के बघा. एअर फिल्टरचा बॉक्स उघडा, आत कापूस, शेंगांची फोलपटं सापडतात. वायर कुरतडलेली दिसली तर स्टार्ट करू नका. टेप गुंडाळून भागवू पण नका, एका गाडीत तसा गुंडाळलेला सेन्सरचा जोड इतक्या वेळा त्रास देऊन गेला की शेवटी हार्नेसचा (वायरच्या जुडग्याचा) तेवढा तुकडाच नवीन बनवला.

उघड्या टपाच्या गाडीत टपाच्या कोपऱ्यात पाणी जायची भोकं असतात. आंब्याची, अशोकाची पानं अडकली की पाणी आत सीटखाली जातं, आणि पोर्शेच्या जुन्या बॉक्स्टरमध्ये नेमकं सीटखालीच इमोबिलायझरचं युनिट आहे. फुकटात साफ होणारं भोक आणि महागडं युनिट, एवढाच तो फरक. तार घालू नका, आतली नळी निसटते. मऊ प्लॅस्टिकची पट्टी किंवा अगदी कमी हवेचा झोत.

पुढच्या बंपरच्या जाळीत पण टॉर्च मारा. पोर्शे ९९६ (९११ ची ९९७ च्या आधीची पिढी), ९९७, बॉक्स्टर ह्यांचे रेडिएटर पुढच्या दोन कोपऱ्यात आहेत आणि एसीचा कंडेन्सर त्यांच्या पुढं. मधल्या फटीत पानं साठतात, ओली राहतात, अॅल्युमिनियम कुजवतात. सिग्नलला गरम होण्याची आणि एसी कोमट होण्याची पहिली तपासणी हीच, पंपाच्या आणि थर्मोस्टॅटच्या आधी.

पेट्रोलचा वास आला तर मात्र इथंच थांबा. स्टार्टर नाही, लाईटचं बटण नाही, चार्जर नाही, शटर उघडा आणि माणूस बोलवा. आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि नव्वदीतल्या, दोन हजारच्या सुरुवातीच्या गाड्यांचे होस आणि सील त्याच्यासाठी बनवलेले नव्हते. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. म्हणून उभी करताना टाकी भरून ठेवा, आत हवा कमी राहते. चार-सहा महिने पडलेलं पेट्रोल असेल तर निम्म्याच्या वर ताजं भरून मग लांब चालवा, वर्षाचं जुनं असेल तर काढूनच टाका.

तेलं आणि पाणी

इथं कंजूषी करू नका, बाकीच्या मानानं स्वस्त काम आहे.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, गाडी शंभर किलोमीटर चालली असली तरी. पावसाळ्यात उघड्या बरणीतलं मीठ जसं पाणी धरतं तसं हे हवेतलं पाणी धरतं. डॉट ४ ह्या ग्रेडच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवीन असताना कमीत कमी २३० अंश, पाणी शोषल्यावर मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. घाटात उतरताना कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापला की ते पाणी उकळतं, वाफ होते, आणि पेडल खाली जातं. आपल्याकडं चार महिने हवा दमट, आणि गोव्याला जायचं म्हणजे चोर्ला नायतर आंबोली. ह्याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

इंजिन तेल वर्षातून एकदा. पण जास्त महत्त्वाचं पुढचं, काढलेला ऑइल फिल्टर कापून बघायला सांगा. कागदी फिल्टरच्या घड्या एकेक उलगडून उन्हात धरायच्या. थोडी बारीक चकाकी चालते. नखात येतील असे तुकडे, लोहचुंबकाला चिकटणारे कण, तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे असं काही दिसलं तर गाडी परत स्टार्ट करायची नाही. फिल्टर बदलताना पाच मिनिटं जास्त लागतात, आणि इंजिन न उघडता आतलं दाखवणारी ह्याच्याइतकी स्वस्त दुसरी तपासणी नाही.

तेल मोजायची पद्धत मॅन्युअलमध्ये बघूनच. ड्राय संपच्या (तेलाची टाकी वेगळी असलेल्या) बऱ्याच गाड्यांत तेल इंजिन गरम करून, चालू ठेवून मोजायचं असतं. थंड इंजिनावर मोजलं की कमी दिसतं, मग वरनं ओततात, आणि निळा धूर आला की "रिंगा गेल्या" म्हणून बोंब. आडव्या सिलिंडरच्या पोर्शेत बरेच दिवस उभी राहिल्यावर स्टार्टला थोडा धूर येऊन थांबतो तो नेहमीचाच, त्याला काही करायचं नाही.

कूलंट मॅन्युअलमधल्या वर्षांप्रमाणे, सांगितलेलाच, नळाचं पाणी मिसळू नका.

चालवून बघा

खालच्या यादीतलं "आत्ता"चं काही बाकी नसेल तर आता एक चक्कर. परत आल्यावर ब्रेक न घासता हळू थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरनं चारही डिस्कचं टेंपरेचर बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम असेल तर कॅलिपर किंवा हँडब्रेक अडकतोय. डिस्कवरचा वरवरचा गंज दहा-बारा हलक्या ब्रेकमध्ये निघून जातो, त्यासाठी डिस्क बदलायला कुणी सांगितलं तर दुसऱ्याला विचारा. गाडी धुवून लगेच हँडब्रेक ओढून महिनाभर ठेवली की पॅड चिकटतात, लाकडी ठोकळा लावा, हँडब्रेक मोकळा ठेवा.

हे आपल्या हाताबाहेरचं

क्लच: फेरारीच्या एफ-वन किंवा लँबोर्गिनीच्या ई-गिअर (दोन्ही क्लच पेडल नसलेले पॅडल शिफ्टचे गिअरबॉक्स) गाडीत क्लच किती झिजलाय ते योग्य स्कॅनर लावल्यावर आकड्यात दिसतं. कमी फिरलेली म्हणून क्लच चांगला असं नसतं. बंगल्याच्या चढावर रोज रिव्हर्स घेतलेली आठ हजारची गाडी हायवेला फिरलेल्या तीस हजारवाल्यापेक्षा वाईट निघू शकते. आकडा बघितल्याशिवाय क्लच बदलायला हो म्हणू नका.

टायमिंग बेल्ट: फेरारी एफ३५५ आणि ३६० मोडेना बेल्टवर चालतात, ४३० पासून पुढं व्ही-८ ला चेन आली. बेल्टवाली असेल तर तीन ते पाच वर्षांनी बेल्ट आणि टेन्शनरचं बेअरिंग बदलायचं, किलोमीटर विचारायचेच नाहीत. तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला धडकतात आणि इंजिनच गेलं. ३६० ला सीटच्या मागचं पॅनल काढून पोचता येतं, ३५५ ला इंजिन खाली उतरवावं लागतं, म्हणून दोघांच्या बिलात तेवढा फरक. ४३० वाल्याला कुणी बेल्ट सर्व्हिसचं पॅकेज लावलं असेल तर हसून उठून या (बाहेरचे अॅक्सेसरी बेल्ट वेगळे, ते मागतातच).

आणि तो अपवाद. ९९६, ९९७ च्या सुरुवातीच्या आणि त्याच काळातल्या बॉक्स्टर-केमनच्या इंजिनात इंटरमिजिएट शाफ्टचं (क्रँकवरनं कॅमच्या चेनला फिरवणारा मधला शाफ्ट) बेअरिंग असतं, ते गेलं की इंजिन जाऊ शकतं. कमी चालवल्यामुळं ते वाचत नाही, उलट सतत उभ्या राहणाऱ्या गाडीला जास्त जपा. २००९ च्या इंजिनापासून तो शाफ्टच नाही, आणि ९९६ टर्बो, जीटी३ चं इंजिन वेगळं. बेअरिंग गिअरबॉक्स काढल्यावरच हाताशी येतं, म्हणून क्लचच्या कामाबरोबर करून घेतलं तर मजुरी एकदाच पडते (साधारण २००६ ते २००८ च्या इंजिनात मात्र ते मोठं असतं, पूर्ण इंजिन उघडल्याशिवाय बदलता येत नाही).

मग यादी कशी लावायची

आत्ता, गाडी रस्त्यावर यायच्या आधी: जुने टायर, ब्रेक ऑइल, पेट्रोलचा कुठलाही वास, कुरतडलेली वायर, मुदत संपलेला टायमिंग बेल्ट. यातलं एक जरी बाकी असेल तर पूजा जागेवरच करा.

ह्या वर्षात: इंजिन तेल आणि फिल्टर (आधीचं वर्षाच्या आतलं असेल तर), कूलंट, बॅटरी आणि मेंटेनर, रेडिएटरची सफाई, अॅक्सेसरी बेल्ट, एसी.

राहू दे: चिकट झालेली बटणं (फेरारीत ते होतंच, दिसायला वाईट, धोका शून्य), भेग नसलेले सस्पेन्शनचे बुश, जाडी असलेले पॅड आणि डिस्क, इंजिन फ्लश, बाटलीतली औषधं. पैसे उरले तर बघा.

थांबायचं कुठं

पेट्रोलचा वास, फिल्टरमध्ये धातू, तेलात दुधाळ फेस, बॅटरी चांगली असताना परत आलेला एअरबॅगचा दिवा, गिअरबॉक्सच्या हायड्रॉलिकची गळती, आणि ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं) कधी न केलेल्या माणसाच्या हातात ब्रेक. इथं घरचं डोकं चालवायचं नाही, ओळखीच्या गॅरेजवाल्यानं "बघू की" म्हटलं तरी नाही. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, मशीनिंगला तोड नाही, बुश, पुली, लागेल ते खरादवर काढून देतात, पण त्या मॉडेलचा स्कॅनर आणि कॅम लॉक करायची टूल्स असल्याशिवाय टायमिंगला हात लावू द्यायचा नाही.

पुणे, मुंबई, बेंगळुरू कुठंही पाठवायची तर फ्लॅटबेडवरच, आणि ठरवतानाच सांगा की गाडी बुटकी आहे, जमिनीला घासते, लाकडी फळ्या घेऊन या. टूलकिटमधला स्क्रूचा टोइंग हुक आधीच शोधून ठेवा, सस्पेन्शनला साखळी बांधू देऊ नका, पट्टे चाकांवरनं घ्यायचे. दोन्ही चाव्या, तुमचा तारखांचा कागद, डागवाल्या पुठ्ठ्याचा फोटो बरोबर द्या. एस्टिमेटमध्ये प्रत्येक ओळीपुढं कारण लिहून मागा, वय की झीज, आणि झीज असेल तर मोजलेला आकडा. काढलेले जुने पार्ट पुढच्या डिकीत टाकून परत पाठवायला सांगा, आणि हे काम सुरू व्हायच्या आधी सांगायचं, नंतर ते भंगारात गेलेले असतात.